सुसरबाई, तुझी पाठ मऊ!

एप्रिल सरत आला, की सावित्रीचं पात्र उघडं पडतं. पोलादपूरपासून महाडपर्यंत गोटे, वाळू आणि मध्येच एखादा हिरवट डोह. अशा पात्रातून कोणी चालत निघालं, की कुठून तरी एक टिटवी उठते आणि थेट डोक्यावर झेप घेते. तिची तीन-चार अंडी तिथेच कुठे तरी गोट्यांत असतात. ती गोट्यांसारखीच ठिपकेदार, त्यामुळे आपल्याला दिसत नाहीत. टिटवी मात्र आपल्याला पाहते आणि हद्दीत शिरल्याचं ओरडून सांगते. चोच सहसा लागत नाही. पण गुराखी असो, म्हैस असो की कुत्रं, सगळे तिच्यापुढे मान खाली घालून वाट बदलतात. पंचतंत्रातल्या टिटवीच्या जोडप्याने तर अंडी नेणाऱ्या समुद्राशीच भांडण मांडलं होतं. ही गोष्ट रचणाऱ्याने पाण्याकाठची टिटवी नीट पाहिली असणार, याबद्दल मला शंका नाही.

आपल्याकडे रात्री टिटवी ओरडली की अपशकुन मानतात. तिने अंडी उंचावर घातली तर पाऊस जास्त पडणार, असाही एक होरा आहे. यातला पहिला समज मला कधीच पटला नाही. दुसऱ्याचा खरेखोटेपणा बाजूला ठेवू. पण त्यासाठी निदान अंडी कुठे आहेत हे बघत फिरावं लागतं आणि बघत फिरणाऱ्या माणसाचा पाय अंड्यांवर पडत नाही.

पाण्याच्या आसऱ्याने राहणाऱ्या पक्ष्यांचा हा हद्द राखण्याचा स्वभाव जगभर सारखा आहे. लिव्ही या रोमन इतिहासकाराने इसवीसनापूर्वी ३९० मधली म्हणून एक हकिकत सांगितली आहे. गॉल लोक रात्री कॅपिटोल टेकडी चढून आले, तेव्हा कुत्री गप्प राहिली आणि देवीसाठी पाळलेल्या कलहंसांनी कलकलाट करून पहारेकऱ्यांना उठवलं. स्कॉटलंडमध्ये डम्बार्टन इथल्या व्हिस्कीच्या गोदामांना १९५९ पासून २०१२ पर्यंत कलहंसांचाच पहारा होता. हा पक्षी अंगावर आला तर पंखाच्या सांध्याचा फटका चांगलाच लागतो. हंस त्याहून मोठा. २०१२ मध्ये अमेरिकेत शिकागोजवळच्या एका तळ्यात हंस छोट्या होडीवर चालून गेला, होडी उलटली आणि आतला माणूस बुडून मेला. अशी घटना विरळाच, म्हणून तर तिची जगभर बातमी झाली. एरवी पक्ष्याच्या हद्दीत शिरल्याची शिक्षा म्हणजे एखादी टपली आणि थोडी फजिती.

सावित्रीच्या त्याच वाळूत, त्याच महिन्यांत, आणखी एक जीव अंडी राखत असतो. तिथे मात्र फजितीवर भागत नाही. ती म्हणजे सुसर.

पक्ष्यांवरून सुसरीवर येणं कोणाला लांबची उडी वाटेल. पण जीवशास्त्राचे अभ्यासक सांगतात, की आज जिवंत असलेल्या प्राण्यांत मगरींचे सर्वांत जवळचे नातलग सरडे किंवा साप नसून पक्षी आहेत. सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वी दोघांचा पूर्वज एक होता. मगरीचं हृदय पक्ष्यासारखं चार कप्प्यांचं असतं आणि घरट्याची राखण करण्याची रीतही दोघांत सारखी. माघ-फाल्गुनाच्या सुमारास मादी काठावरच्या वाळूत किंवा मातीत खड्डा करते, पंचवीस-तीस अंडी घालते, वरून माती लोटते आणि दोन महिने आसपास राहते. पिलू नर होणार की मादी, हे त्या मातीच्या उष्णतेवर ठरतं. पिलं आतून ओरडू लागली की ती खड्डा उकरते आणि पिलांना जबड्यात धरून पाण्यात नेते. हे दृश्य पाहूनच पूर्वी लोकांचा समज झाला असावा, की सुसर आपलीच पोरं खाते.

नावाबद्दल एक खुलासा करतो, कारण यावर नेहमी वाद होतो. शाळेच्या पुस्तकात ‘मगर’ आणि ‘सुसर’ वेगवेगळ्या दाखवतात. लांब, निमुळत्या तोंडाची ती सुसर म्हणजे घडियाल, असं मुलं पाठ करतात. पण घडियाल हा उत्तरेकडच्या गंगेसारख्या नद्यांतला प्राणी. आपल्या नद्यांत आहे ती रुंद तोंडाची, गोड्या पाण्यातली मगर, आणि कोकणातला व कृष्णाकाठचा माणूस तिलाच सुसर म्हणतो. इंग्रजांनी हिंदीतल्या ‘मगर’वरून तिला ‘मगर’च म्हटलं, फक्त उच्चार बिघडवून. ओडिशात आणि सुंदरबनात जी अजस्र आणि जास्त धोकादायक मगर असते, ती खाऱ्या पाण्यातली, वेगळ्या जातीची. मी इथे सुसरच म्हणणार आहे. त्याला एक कारण आहे.

मराठीत म्हण आहे, ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’. सुसरीची पाठ कशी असते हे पाहिलेल्या माणसालाच या म्हणीतली खोच कळेल. हाडाच्या चकत्या बसवलेली, खडबडीत, कुऱ्हाड निसटेल अशी ती पाठ. तिला मऊ म्हणायची वेळ येते, कारण आपण तिच्या तावडीत असतो. बलवानापुढे नाइलाजाने केलेली खुशामत, असा या म्हणीचा अर्थ आपण घेतो आणि तो बरोबरच आहे. पण इतिहासाचा मास्तर म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ही म्हण ज्यांच्या तोंडी तयार झाली, त्यांना रोज सुसरीच्या शेजारी पाणी भरावं लागत होतं. ती तिथून जाणार नव्हती आणि हेही जाणार नव्हते. तिला ‘बाई’ म्हणण्यात भीती आहे, तसा शेजारधर्मही आहे.

हा शेजार सावित्रीकाठी कसा घडला ते पाहायचं, तर आधी नदी पाहायला हवी. महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात ज्या पाच नद्यांची नावं सांगतात, त्यांत कृष्णा आणि सावित्री या दोघी. कृष्णा पूर्वेला वळते आणि सारं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेला कडा उतरते, पोलादपूरवरून महाडला येते, गांधारी आणि काळ या नद्यांना पोटात घेते आणि बाणकोटला समुद्राला भेटते. पोलादपूरकडे ती डोंगरी आहे. खडक, धबाबा पाणी, उन्हाळ्यात सुटे डोह. महाडजवळ ती संथ होते, काठ मातीचे होतात. पुढे दासगावकडे भरती-ओहोटीचं पाणी खेळतं. सुसरीला असंच संथ पाणी लागतं आणि ऊन खायला उतरता काठ लागतो. थोडा खारटपणा ती सोसते. म्हणून पोलादपूरच्या माणसाने सुसर पाहिली ती बहुधा महाडच्या बाजाराला आल्यावर.

आज रस्त्याने येणाऱ्या माणसाला महाड हे बंदर होतं हे सांगूनही खरं वाटत नाही. पण शतकानुशतकं इथली खरी वाट नदीच होती. देशावरून घाट उतरून आलेले बैलांचे तांडे महाडला माल टाकत आणि पुढे तो गलबतांतून खाडीने जाई. रायगडाची राजधानी झाल्यावर या वाटेचं महत्त्व आणखी वाढलं. १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने खाडीच्या तोंडावरचा बाणकोटचा किल्ला घेतला. त्याला त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं. १७७१ च्या सुमारास कंपनीचा एक तरुण नोकर, जेम्स फोर्ब्ज, प्रकृतीसाठी दासगावला येऊन राहिला. जवळच्या ऊन पाण्याच्या झऱ्यांची कीर्ती त्याने ऐकली होती. याच फोर्ब्जचं ‘ओरिएंटल मेम्वार्स’ हे पुस्तक १८१३ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे आगबोटी आल्या. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी आले, तेही मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने हरिहरेश्वरपर्यंत आणि मग खाडीने दासगावच्या धक्क्याला. चवदार तळ्याचा इतिहास आपण वाचतो, पण तिथे पोचायची वाट पाण्याची होती हे सहसा लक्षात राहत नाही.

नदीचा असा रोजचा उपयोग असला, की पाण्यात कुठे उतरायचं आणि कुठे नाही याचे काही रिवाज पडतातच. पाणवठा ठरलेला असे. गुरं धुण्याची जागा वेगळी, धुणं धुण्याची वेगळी. माझी आजी पोलादपूरकडची. दिवेलागणीनंतर नदीवर जायचं नाही, असा तिचा दंडक होता आणि कारण विचारलं तर ती भूतखेत सांगायची. आज अभ्यासक सांगतात, की मगर संध्याकाळनंतर आणि रात्री शिकारीला जास्त सक्रिय असते. काठावर उकिडवं बसलेलं माणूस तिला लहान जनावरासारखं दिसतं. आजीची कारणमीमांसा चुकीची होती, पण वेळ अचूक होती.

महाड तालुक्यातच वाळण गावाजवळ, काळ नदीत, वाळणकोंड नावाचा डोह आहे. देवीच्या नावाने तो राखलेला. तिथे मासे धरायचे नाहीत, हा नियम इतका पक्का, की महसीर जातीचे भलेमोठे मासे माणसाच्या पायाशी येतात. इतर ठिकाणी दुर्मीळ झालेला हा मासा तिथे टिकला, म्हणून शास्त्रज्ञ त्या डोहाचा अभ्यास करून गेले. डोहाच्या हद्दीवर कुंपण नाही. तरी ती सगळ्यांना ठाऊक आहे.

गोव्यात तर खुद्द मगरीशीच असा करार झालेला दिसतो. तिसवाडीतल्या कुंभारजुव्याच्या खाडीत मगरी आहेत. जुन्या गोव्याच्या रक्षणासाठी आदिलशहाने खंदकात मगरी सोडल्या होत्या, अशी कथा तिथे सांगतात. म्हणजे रोममध्ये कलहंस आणि गोव्यात मगर! कथेचं सोडा. पण दुर्गावाडी आणि आसपासच्या गावांत पौष अमावास्येला ‘मानगे थापणी’ होते, हे आजही पाहता येतं. मानगें म्हणजे कोंकणीत मगर. खाडीकाठच्या शेतात चिखलाची मगर थापतात, शिंपले लावतात, पूजा करतात. ही शेतं बांध घालून खाडीपासून राखलेली खाजण जमीन असते. बांध दुरुस्त करायला माणसाला त्याच पाण्यात कंबरेइतकं उतरावं लागे. वर्षातून एकदा मगरीची आठवण काढल्याने मगर सौम्य होते असं नाही, पण उतरणारा माणूस सावध नक्की होतो.

आपल्या कथांतही पाण्यातल्या मगरीपुढे बळ चालत नाही. गजेंद्राचा पाय धरला तो पाण्यात, आणि तिथे हत्तीसारखा हत्तीही हतबल झाला. आदी शंकराचार्यांच्या चरित्रात मगरीने पाय धरल्यावरच आईने संन्यासाला परवानगी दिल्याची कथा आहे. दुसऱ्या बाजूने हाच मकर गंगेचं वाहन. गुजरातेत खोडियार मातेचंही वाहन मगर. चरोतर भागात गावतळ्यांत मगरी आणि माणसं एकत्र राहतात, त्यामागे ही श्रद्धा मोठी आहे.

मग बंदूक आली. विलायती शिकारी साहेबांना आणि त्यांचं पाहून आपल्याकडच्या संस्थानिकांना वाळूत ऊन खात पडलेली सुसर म्हणजे आयतं लक्ष्य. ती हलत नाही, पळत नाही, आणि मारली तर गावकरी दुवा देतात. पुढे तिच्या कातड्याच्या पर्सला आणि बुटांना जगभर गिऱ्हाईक मिळालं, तेव्हा हौसेची जागा धंद्याने घेतली. १९७० च्या सुमारास देशातल्या कितीतरी नद्यांतून मगर दिसेनाशी झाली होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि मगरीला पहिल्या परिशिष्टात जागा मिळाली. म्हणजे वाघाच्या पंगतीला. १९७५ मध्ये केंद्र सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने मगर संवर्धन प्रकल्प सुरू केला. १९७६ मध्ये मद्रासजवळ रोम्युलस व्हिटेकर यांनी मगरींची पेढी काढली. आपल्याकडे ताडोब्यात १९७७ मध्ये मगरींचं पैदास केंद्र निघालं. अंडी उबवायची, पिलं वाढवायची आणि पाण्यात सोडायची, असा तो कार्यक्रम. शिकार थांबल्यावर उरल्यासुरल्या सुसरींनाही आपापल्या नदीत उसंत मिळाली.

या तीस-चाळीस वर्षांच्या उसंतीत नदीकाठची माणसं बदलली होती. नळ आला, पाणवठे ओस पडले. सुसर कुठे बसते हे सांगणारी पिढी गेली. सुसरी परत वाढल्या, पण त्यांच्याबरोबर राहायचं ज्ञान आपोआप परत आलं नाही. माझ्या मते आजच्या संघर्षाचं मूळ इथे आहे.

सावित्रीची सख्खी बहीण कृष्णा हिच्या काठी याची किंमत फार मोठी द्यावी लागली. सांगली जिल्ह्यात पलूस, वाळवा, मिरज या तालुक्यांत सुसरीच्या हल्ल्यांत माणसं मेली, त्यांत पोहायला उतरलेली मुलं होती. तिथे आजही शेतकऱ्याला पाण्याच्या मोटरीसाठी नदीत उतरावं लागतं, बायका धुणं घेऊन जातात, मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत डुंबतात. आणि उन्हाळा म्हणजे सुसरीच्या अंड्यांचा हंगाम. वाळू उपसून काठ मोडलेले. त्यामुळे सुसरीला बसायला जी थोडी जागा उरली, तीच माणसालाही उतरायला सोयीची. ज्या घरातलं मूल गेलं, त्या घराला ‘ती आपली हद्द राखत होती’ हे सांगायला मी धजणार नाही. लोक म्हणतात, धरा आणि दुसरीकडे सोडा. ही मागणी समजण्यासारखी आहे. पण ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात, जो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, खाऱ्या पाण्यातल्या मगरी हेलिकॉप्टरने दूर नेऊन सोडल्या होत्या. त्यांतली एक समुद्रकिनाऱ्याला धरून चारशे किलोमीटरहून जास्त पोहत वीस दिवसांत घरी परतली. शिवाय नव्या पाण्यात आधीच कोणी तरी धनी असतो. एकाची हद्द मोडून दुसऱ्याच्या हद्दीत भांडण लावायचं, एवढंच त्यातून होतं.

महाडच्या सुसरींची महाराष्ट्राला खरी ओळख झाली ती एका भयंकर रात्री. २ ऑगस्ट २०१६ ला मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीचा जुना दगडी पूल पुरात कोसळला. एसटीच्या दोन गाड्या आणि इतर वाहनं माणसांसह वाहून गेली. शोध घेणाऱ्यांना पुराबरोबरच नदीतल्या मगरींचीही धास्ती होती, असं बातम्यांत येऊ लागलं आणि लांबच्या लोकांना पहिल्यांदा कळलं, की इथे सुसरी आहेत. त्या दिवसांत काही जणांच्या बोलण्यात पुलाच्या खांबांपेक्षा सुसरच जास्त आली. भीतीला चेहरा हवा असतो. कमानीच्या दगडाला तो नसतो, सुसरीला असतो. पुढच्या वर्षी, जून २०१७ मध्ये, नवा पूल सुरू झाला.

नंतर २२ जुलै २०२१ चा महापूर. त्याच दिवशी महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवर दरडी कोसळल्या. महाडच्या बाजारपेठेत घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढलं. असा पूर आला, की सुसरीलाही प्रवाहात टिकता येत नाही. ती कडेचं संथ पाणी शोधते आणि कडेला आपण असतो. २०२४ च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावरून चालत जाणारी मगर तुम्ही मोबाइलवर पाहिली असेल. त्याच वर्षी ऑगस्टअखेर बडोद्यात विश्वामित्री चढली आणि वस्त्यांतून मगरी धराव्या लागल्या. पुरात रस्त्यावर आलेली सुसर शिकारीला आलेली नसते. तिला घरी जायचं असतं. तिची वाट सोडून वनखात्याला कळवणं एवढंच आपलं काम. दगड मारून व्हिडिओ काढणारे मात्र प्रत्येक गावात निघतात.

या सगळ्या धास्तीच्या गोष्टींत २०२३ मध्ये एक वेगळीच गोष्ट आली. उत्कर्षा चव्हाण आणि मनोज बोरकर या अभ्यासकांनी महाडजवळच्या सावित्रीतल्या सुसरींवर एक निबंध प्रसिद्ध केला. हे बोरकर गोव्यातले. मानगे थापणीचाही त्यांनी अभ्यास केला आहे. निबंधातली दोन निरीक्षणं जगभर गाजली. पहिलं म्हणजे, लोकांनी पूजेनंतर नदीत टाकलेल्या झेंडूच्या फुलांत सुसरी जाऊन पडून राहतात. फुलांतल्या जंतुनाशक गुणांचा त्यांच्या कातडीला उपयोग होत असेल का, असा प्रश्न त्यांनी मांडला. सांडपाणी मिसळलेल्या नदीत तो गैरलागू नाही. दुसरं निरीक्षण तर गोष्टीतलं वाटावं. भटक्या कुत्र्यांची टोळी मागे लागली म्हणून एक कुत्रं पाण्यात शिरलं. जवळच तीन मोठ्या सुसरी होत्या. त्यांतल्या दोघींनी त्याला खाल्लं नाही. नाकाडाने ढोसून ढोसून काठाकडे वळवलं, जिथून ते सुखरूप निघून गेलं. सुसरींना दया येते का, असा मथळा मग सगळीकडे झळकला.

निबंधातच आणखी एक गोष्ट होती, जिची चर्चा कमी झाली. शिकारीसाठी आमिष लावण्याची. मद्रासच्या मगर पेढीत अभ्यासकांना आधीच दिसलं होतं, की बगळ्यांच्या विणीच्या काळात मगरी तोंडावर काटक्या घेऊन बगळ्यांच्या झाडांखाली निपचित राहतात. घरट्यासाठी काटकी उचलायला बगळा खाली आला, की संपला. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. काटकी कधी महाग आहे हे ओळखणारा जीव मठ्ठ नव्हे.

एका कागदावरून इतिहास लिहू नये, असं आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. एका कुत्र्यावरून सुसरीचा स्वभावही ठरवू नये. तिचं पोट भरलेलं होतं का, कुत्र्याला हद्दीबाहेर काढण्याचा तो प्रकार होता का, हे प्रश्न विचारण्याजोगे आहेत. निरीक्षण खरं असणार; अर्थ लावताना घाई नको. मला काळजी वाटते ती वेगळीच. झेंडूची फुलं आणि वाचलेलं कुत्रं यांच्या बातम्या वाचून आता सुसर बघायला काठावर गर्दी करणारे लोक तिला प्रेमाने मऊ म्हणू लागले आहेत. कोणी मांसाचे तुकडे फेकतं, कोणी फोटोसाठी चार पावलं पुढे जातं. कोंबडीच्या दुकानातलं टाकाऊ नदीत लोटण्याची सवय आपल्या गावोगावी आहेच. माणूस म्हणजे खाणं, हे एकदा मगरीच्या डोक्यात बसलं, की जुना करार मोडला. म्हणीतल्या माणसाला निदान ठाऊक होतं, की आपण खोटं बोलतो आहोत.

आणि आता गाळ. महापुरानंतर महाडकरांची मागणी होती, सावित्री-गांधारीतला गाळ काढा, पात्रातली बेटं हटवा, पाण्याला वाट करून द्या. ज्याच्या दुकानात छातीभर पाणी उभं राहिलं त्याच्याशी मी यावर वाद घालणार नाही. गाळ निघायलाच हवा होता आणि ती कामं झाली. पुढेही करावी लागतील, कारण सह्याद्रीची माती दरवर्षी येतच राहणार. पण गाळ कधी निघतो? पाणी उतरल्यावर, पाऊस यायच्या आत, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते मे. नेमक्या याच महिन्यांत काठाच्या मातीत सुसरीची अंडी असतात, त्यांच्यावर तिची नजर असते आणि तिच्या आसपास पोकलेनवर बसलेला, बहुधा परगावाहून आलेला, काठाची काही माहिती नसलेला पोरगा असतो. अंडी फुटणं हा एक तोटा. चवताळलेली मादी आणि डबा घेऊन पाण्याकडे गेलेला मजूर, हा दुसरा.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. काम सुरू करण्याआधी नदीकाठ ओळखणाऱ्या माणसाने, म्हणजे एखाद्या भोईने किंवा नावाड्याने, वनखात्याच्या माणसाबरोबर काठ चालून जायचा. घसटीच्या खुणा आणि उकरलेली माती पाहायची. जिथे संशय असेल तिथे चार खुंट्या ठोकून दोरी बांधायची आणि ते वळण मेच्या अखेरीपर्यंत शिल्लक ठेवायचं. बाकीचं पात्र मोकळं आहे. पावसाची पहिली मोठी सर येण्याआधी पिलं पाण्यात गेलेली असतात. मग दोरी काढून तिथेही यंत्र लावता येतं.